मुरबाडचे नाना शंकरशेठ : साहेबांच्या बैठकीत मराठी शाळेसाठी उभा राहिलेला शेठ

ठाणे जिल्ह्यात नाना शंकरशेठ यांचं नाव निघालं की लोकांना आठवते ती आगीनगाडी. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे. दरवर्षी त्या तारखेला मोबाईलवर जुन्या इंजिनाचे फोटो फिरतात, खाली नानांचं नाव असतं आणि विषय तिथेच संपतो. मुरबाड तालुक्यातल्या लोकांना एवढं जास्त माहीत असतं की नाना आपल्याकडचे.

पण रेल्वे हे नानांच्या कामातलं एक काम. आमदार, खासदार हे शब्दही नव्हते तेव्हाचा हा राजकारणी. मतदान नव्हतं, पक्ष नव्हते. सरकार म्हणजे कंपनीचे साहेब लोक, आणि त्यांच्या बैठकीत खुर्ची मिळालेले देशी लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. अशा खुर्चीवर बसून साहेबाच्या हो ला हो करणं सोपं होतं. नानांनी बऱ्याच वेळा ते केलंही. पण एक विषय असा आला की तिथे ते हलले नाहीत. तो विषय होता गरिबाच्या पोराने कोणत्या भाषेत शिकायचं हा.

जन्म मुरबाडचा, पेढी मुंबईची

जगन्नाथ शंकरशेठ मुरकुटे यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी मुरबाडला झाला. घराणं दैवज्ञ सोनारांचं. आडनाव मुरकुटे, पण त्या काळी बापाच्या नावापुढे शेठ लावून ओळखायची रीत असल्याने मुरकुटे हे नाव मागे पडलं आणि शंकरशेठ हेच आडनावासारखं चिकटलं. घरचे आणि बाहेरचे सगळे नाना म्हणायचे.

मुरबाडचं नाव आज काढलं की आडबाजूचा तालुका डोळ्यांसमोर येतो. तेव्हा तसं नव्हतं. जुन्नरकडून नाणेघाट उतरून येणारा माल वैशाखरे, मुरबाड असं करत कल्याणच्या बंदरात जायचा. बैलांच्या पाठीवर गोण्या, कल्याणला गलबतं, आणि खाडीने पुढे मुंबई. या वाटेवरचं गाव म्हणजे व्यापाऱ्यांना मुंबईची खबर असणारच. नानांचे पूर्वज अठराव्या शतकाच्या मधल्या काळातच मुंबईला गेले होते. आजोबा बाबुलशेठ, वडील शंकरशेठ, दोघांनीही तिथे व्यापार वाढवला. कंपनीच्या लढायांच्या काळात माल आणि पैसा दोन्ही फिरत होते, त्यात शंकरशेठांनी मोठी कमाई केली.

नाना जन्मले तेव्हा ठाणे आणि साष्टी इंग्रजांकडे होती, पण कल्याण-मुरबाडचा मुलूख पेशव्यांचा. नाना चौदा-पंधरा वर्षांचे असताना तोही कंपनीकडे गेला. म्हणजे या मुलाने राज्य बदलताना पाहिलं. कालपर्यंत पुण्याकडे बघणारा मुलूख आता फोर्टातल्या गव्हर्नरकडे बघायला लागला होता.

आई भवानीबाई नाना लहान असतानाच गेल्या. शिक्षण घरीच झालं. संस्कृतला शास्त्री, इंग्रजीला वेगळे शिक्षक. १८२२ साली वडील वारले तेव्हा नाना अवघे १९ वर्षांचे होते. एवढ्या वयात पेढी, जमिनी, देणी-घेणी सगळं अंगावर आलं. ते त्यांनी नीट सांभाळलं. त्यांच्या शब्दावर एवढा भरवसा होता की परदेशी व्यापारीसुद्धा बँकेपेक्षा नानांच्या पेढीत ठेव ठेवणं पसंत करायचे, असं सांगितलं जातं. पुढच्या राजकारणाला हा भरवसाच कामी आला. साहेबाला पैसेवाला माणूस हवा होता आणि लोकांना खोटं न बोलणारा.

पुस्तकच नव्हतं, तर शाळा कशी?

वडील गेले त्याच सुमाराला मुंबईत एक संस्था निघाली होती. देशी मुलांसाठी शाळा काढायच्या आणि त्यांच्यासाठी पुस्तकं छापायची, हा तिचा उद्देश. गव्हर्नर होते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. पुढे ही संस्था बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखली गेली. नाना विशीतच तिच्या कामात शिरले.

आज पहिलीच्या मुलाला शाळेत पुस्तकांचा संच मिळतो. तेव्हा मराठीत छापलेलं शाळेचं पुस्तक म्हणजे जवळपास काहीच नव्हतं. गावात पंतोजींची शाळा असायची. धुळपाटीवर अक्षरं, पाढे, मोडी, हिशेब. भूगोल नाही, शास्त्र नाही, आणि सगळ्या जातींच्या मुलांना तर दारच नाही. सोसायटीने गणित, व्याकरण, गोष्टी यांची पुस्तकं मराठीत करून घेतली. सदाशिव काशिनाथ छत्रे यांच्यासारखे पंडित या कामाला जुंपले होते. जॉर्ज जर्व्हिस नावाचा एक लष्करी इंजिनिअर साहेब मराठी-गुजराती शिकून गणिताची पुस्तकं तयार करत होता. या जर्व्हिसचं नाव लक्षात ठेवायला हवं, तो पुढे परत येतो.

१८२६ च्या सुमाराला सोसायटीने शिक्षक तयार करून दख्खन, कोकण आणि गुजरातेत पाठवले. संख्या दोन डझन. आज एका तालुक्यालाही पुरणार नाहीत. पण सरकारी मराठी शाळा गावोगाव पसरल्या त्याची ही सुरुवात.

एल्फिन्स्टन १८२७ साली मुंबई सोडून गेले. त्यांच्या नावाने लोकांनी निधी जमवला, तो काही लाखांवर गेला, आणि त्यातून पुढे एल्फिन्स्टन कॉलेज उभं राहिलं. नाना या निधीच्या कामातही पुढे होते. १८३८ साली गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट वारले. त्यांच्या स्मरणार्थ वैद्यकीय कॉलेज काढायचं ठरलं, त्यालाही नानांचा हात लागला. ते कॉलेज १८४५ साली सुरू झालं. आजही ठाणे, मुरबाड, शहापूरचा अवघड पेशंट जेजे हॉस्पिटलला नेतात, तिथलं ग्रँट मेडिकल कॉलेज ते हेच.

दरम्यान १८३० च्या दशकात सरकारने पहिल्यांदाच काही देशी लोकांना जस्टिस ऑफ द पीस नेमलं. शहराचा कारभार पाहणारी ही मंडळी. त्यात नाना होते. सतीची चाल कायद्याने बंद झाली तेव्हा अनेक पैसेवाले गप्प बसले होते, नाना मात्र बंदीच्या बाजूने उभे राहिले.

१८४७ : सात जणांची बैठक

१८४० साली सोसायटीची जागा सरकारी शिक्षण मंडळाने घेतली. बोर्ड ऑफ एज्युकेशन. त्यात साहेब सभासद होते आणि तीन देशी. नाना पहिल्यापासून होते आणि १८५६ पर्यंत, म्हणजे बोर्ड संपेपर्यंत राहिले. सोळा वर्षं. एवढा काळ एकाच सरकारी मंडळात टिकलेला देशी माणूस त्या वेळी दुर्मीळच.

बोर्डाचे अध्यक्ष झाले सर अर्स्किन पेरी. सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश, पुढे चीफ जस्टिस. हुशार, कामसू, आणि देशी लोकांशी चांगलं वागणारे. त्यांचं म्हणणं सरळ होतं. सरकारकडे शिक्षणाला पैसा थोडा. तो सगळीकडे शिंपडला तर कुठेच काही उगवणार नाही. त्यापेक्षा मोजक्या वरच्या घरांतल्या मुलांना उत्तम इंग्रजी शिक्षण द्या. ती मुलं शहाणी होतील आणि शहाणपण त्यांच्याकडून खाली झिरपेल.

हे ऐकायला पटण्यासारखं आहे. कलकत्त्याकडे तेव्हा हाच वारा वाहत होता. पण झिरपतं कुठपर्यंत, हे पाणी भरणाऱ्याला विचारावं.

विरोधात उभे राहिले तेच जर्व्हिस, आता कर्नल झालेले. आणि त्यांच्यासोबत बोर्डातले तिन्ही देशी सभासद. जगन्नाथ शंकरशेठ, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा. एक हिंदू, एक पारशी, एक मुसलमान. तिघेही इंग्रजी दरबारात वावरणारे, तिघांनाही इंग्रजीचा फायदा कळलेला. तरी तिघेही एका बाजूला.

नानांनी १ मे १८४७ रोजी आपलं मत लेखी दिलं. इंग्रजी नको, असं ते म्हणत नव्हते. इंग्रजी शिकणाऱ्यांचे आपण मित्रच आहोत, हे त्यांनी स्पष्ट केलं. पण लाखो लोकांपर्यंत उपयोगाचं ज्ञान न्यायचं असेल तर ते त्यांच्या बोलीतूनच जाईल, असं त्यांचं म्हणणं. एका माणसाला परकी भाषा शिकवण्यात जेवढी वर्षं आणि पैसा जातो, तेवढ्यात स्वतःच्या भाषेत किती जण शिकतील, हा हिशेब त्यांना पेढीवर बसून पाठ होता.

समोर कोण होतं ते पाहिलं म्हणजे या कागदाचं वजन कळतं. पेरी न्यायाधीश. नाना शेवटी कंपनीच्या राज्यात व्यापार करणारे शेठ. बोर्डावरची खुर्ची, जस्टिस ऑफ द पीसचा मान, सरकारी बँका-कंपन्यांत मिळणारी जागा, हे सगळं साहेबाच्या मर्जीवर चालायचं. स्वतःच्या मुलाला तर नाना घरी शिक्षक ठेवून इंग्रजी शिकवूच शकत होते. इंग्रजी शाळांना पैसा गेला असता तर नानांच्या घराचं काहीच बिघडणार नव्हतं. बिघडणार होतं ते मुरबाड, शहापूर, वाड्याच्या पोराचं.

भांडण वाढत गेलं, दोन्ही बाजूंनी लांबलचक कागद लिहिले गेले आणि प्रकरण गव्हर्नरकडे गेलं. सरकारने १८४८ साली मधला मार्ग काढला. कोणाचाच पूर्ण विजय झाला नाही. पेरींच्या काळात इंग्रजी शाळांकडे कल राहिलाच. पण मराठी आणि गुजराती शाळा बंद झाल्या नाहीत. मुंबई इलाख्यात प्राथमिक शिक्षण देशी भाषेत, हे बंगालपेक्षा कितीतरी घट्ट राहिलं. १८५४ साली विलायतेहून शिक्षणाचा मोठा खलिता आला, त्यात इंग्रजी आणि देशी भाषा दोन्हींना जागा मिळाली. आज गावात जिल्हा परिषदेची मराठी शाळा दिसते, तिची एक मुळी या भांडणात आहे.

यातला एक भाग फारसा कोणी सांगत नाही. पेरी निवृत्त होऊन विलायतेला निघाले तेव्हा त्यांच्या सत्काराला लोक जमले. त्या सभेचे अध्यक्ष होते नानाच. लोकांनी पैसे जमवले आणि पेरींच्या नावाने कायद्याच्या प्राध्यापकाची जागा निर्माण झाली. मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजची सुरुवात त्यातून झाली. वर्षानुवर्षं ज्याच्याशी वाद घातला त्याचाच सत्कार करताना नानांना काही अवघड वाटलं नसावं. भांडण माणसाशी नव्हतंच.

घरात मुलींची शाळा

पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली. त्याच सुमाराला मुंबईत एल्फिन्स्टनमधून शिकून निघालेल्या तरुणांनीही मुलींच्या शाळा सुरू केल्या. दादाभाई नौरोजी त्यातलेच. वर्गांना जागा कोण देणार? मुली शिकल्या तर घर बुडतं, असं बोलणाऱ्यांची तोंडं गिरगावात कमी नव्हती. नानांनी गिरगावातल्या आपल्या वाड्यात मराठी मुलींच्या शाळेला जागा दिली. जातवाले आणि शेजारी नाराज झाले. पण एवढ्या मोठ्या शेठच्या वाड्यात जाऊन शाळा बंद करा म्हणायची हिंमत कोणाची? मोठ्या माणसाच्या मोठेपणाचा हा एक उपयोग.

नाटकाचंही तसंच. ग्रँट रोडवर त्यांच्या जागेत नाटकगृह उभं राहिलं आणि सांगलीहून आलेल्या विष्णुदास भाव्यांच्या मंडळीने १८५३ साली ग्रँट रोडच्या नाटकगृहात खेळ केले.

आगीनगाडी आणि माळशेजचा हुकलेला रस्ता

आता रेल्वे. १८४३-४४ पासूनच मुंबईत आगगाडीची बोलणी चालू होती. दख्खनचा कापूस आणि धान्य बंदरापर्यंत लवकर आणायचं, हा साहेब व्यापाऱ्यांचा हेतू. घाटातून बैलावर येणारा कापूस वाटेत भिजायचा, मळायचा, आणि पावसाळ्यात तर वाहतूकच थांबायची. १८४५ च्या सुमाराला मुंबईत समिती झाली, त्यात नाना आणि सर जमशेटजी जिजीभाई ही दोन देशी नावं ठळक होती. विलायतेत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी निघाली, १८४९ साली तिला कायद्याची मंजुरी मिळाली. कंपनीचं मुंबईतलं पहिलं ऑफिस नानांच्याच वाड्यात होतं, असं सांगितलं जातं. त्यांना पहिल्या वर्गाने फिरायला सोन्याचा पास मिळाला होता, हीही गोष्ट प्रसिद्ध आहे.

भांडवल विलायतेतल्या भागधारकांचं, पण त्यांना शेकडा पाच टक्के व्याजाची हमी मिळाली ती हिंदुस्थानच्या तिजोरीतून. गाडी तोट्यात गेली तरी विलायतेच्या भागधारकाचं व्याज पक्कं, आणि भरणार इथला शेतसारा देणारा. रेल्वेचं कौतुक करताना हे सहसा बोललं जात नाही.

१६ एप्रिल १८५३ ला दुपारी साडेतीनच्या सुमाराला बोरीबंदरहून गाडी सुटली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, ओढायला तीन इंजिनं. साहिब, सिंध आणि सुलतान. २१ तोफांची सलामी. रुळाच्या दोन्ही बाजूंना गर्दी. ३४ किलोमीटरचं अंतर तासा-सव्वा तासात कापून गाडी ठाण्याला लागली. तिथे तंबू ठोकून पाहुण्यांच्या खाण्यापिण्याची सोय केली होती. वाफेवर चालणारं हे धूड पाहून घाबरलेले, हात जोडलेले लोकही होतेच. पुलाखाली माणसं पुरतात, अशा अफवा तर कितीतरी दिवस चालल्या.

वर्षभरात, १ मे १८५४ ला, गाडी ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणला पोचली. मग कल्याणहून दोन फाटे फुटले. एक कसाऱ्याकडे आणि थळ घाटाने नाशिकला, दुसरा कर्जतकडे आणि बोरघाटाने पुण्याला. कल्याण जंक्शन झालं ते असं. बंदर मागे पडलं, स्टेशन पुढे आलं. तेव्हा भातशेतीचं गाव असलेली डोंबिवली आज लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नाही एवढी भरली, तीही याच रुळांमुळे.

मुरबाडच्या माणसाला मात्र यातली एक गोष्ट चुटपुट लावणारी आहे. सुरुवातीच्या आराखड्यात गाडी घाटावर चढवायला माळशेज घाटाचाही विचार होता. तसं झालं असतं तर रूळ कल्याणहून मुरबाडवरूनच गेले असते. पुढे इंजिनिअर जेम्स बर्कली यांनी घाटांची बारीक पाहणी केली. चढ आणि डोंगर पाहता माळशेज त्यांना जमणारा वाटला नाही, आणि थळ व बोर हे दोन घाट ठरले. नाणेघाटातून उतरणारा बैलांचा तांडाही हळूहळू आटला, कारण माल आता कसाऱ्याहून आणि खंडाळ्याहून गाडीने यायला लागला. रेल्वे आणणाऱ्या माणसाचा तालुका रेल्वेमुळेच वाटेवरून बाजूला पडला. मुरबाडकराला आजही गाडी पकडायला कल्याण किंवा बदलापूर गाठावं लागतं, आणि कल्याण-मुरबाड रेल्वेच्या मागणीवर कित्येक निवडणुका झाल्या.

कंपनीचा पट्टा संपत आला तेव्हा

नानांचं खरं राजकारण म्हणावं ते १८५२ चं. ईस्ट इंडिया कंपनीला हिंदुस्थानावर कारभार करायची सनद विलायतेच्या पार्लमेंटकडून मिळायची, २० वर्षांच्या मुदतीने. भाडेपट्ट्यासारखी. १८३३ ची सनद १८५३ ला संपणार होती. पट्टा नवा करताना घरातल्या लोकांना काय म्हणायचंय ते कोणीतरी मालकाला सांगायला हवं होतं.

२६ ऑगस्ट १८५२ ला मुंबईत सभा झाली आणि बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. अध्यक्ष जगन्नाथ शंकरशेठ. चिटणीस डॉ. भाऊ दाजी आणि नानांचे चिरंजीव विनायकराव. दादाभाई नौरोजी, नौरोजी फर्दुनजी ही तरुण मंडळी सोबत. पश्चिम हिंदुस्थानातली ही पहिली राजकीय संस्था. काँग्रेस निघायला अजून ३३ वर्षं होती.

असोसिएशनने पार्लमेंटला अर्ज पाठवला. कायदे करणाऱ्या कौन्सिलात देशी लोक घ्या. मोठ्या सरकारी नोकऱ्या देशी लोकांना खुल्या करा. कारभारावरचा अवाढव्य खर्च कमी करा. शिक्षणाला पैसा द्या. भाषा नम्र होती, राणीच्या राज्यावर निष्ठाही व्यक्त केली होती. पण कारभार चुकतोय हे लेखी सांगितलेलं होतं, आणि तेही ज्यांचा व्यापार कंपनीवर अवलंबून त्यांनी. काही धनिकांना हे फार वाटलं आणि ते संस्थेतून बाजूला झाले. नाना राहिले.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. ही संस्था शेठ, डॉक्टर आणि शिकलेल्या शहरी लोकांची होती. तिच्या सभेत मुरबाडचा कुणबी नव्हता, शहापूरचा ठाकूर-कातकरी नव्हता, आणि त्यांना बोलवावं असं कोणाच्या डोक्यातही आलं नसावं. नानांनी शाळेच्या बाबतीत गावाचा विचार केला तेवढा या राजकारणात केलेला दिसत नाही.

सनद नवी झाली. कौन्सिलात जागा लगेच मिळाली नाही. पण सिव्हिल सर्व्हिसला परीक्षेचा रस्ता खुला झाला, निदान कागदावर.

१८५७ : संशयाचं वर्ष

उठाव मीरत-दिल्लीकडे झाला तरी मुंबईत साहेबांची झोप उडाली होती. गव्हर्नर होते लॉर्ड एल्फिन्स्टन, जुन्या एल्फिन्स्टन साहेबांचे पुतणे. पोलिसांची सूत्रं चार्ल्स फोर्जेट यांच्याकडे. हा माणूस देशी भाषा सफाईने बोलायचा आणि वेष बदलून गल्लीबोळात फिरायचा. दिवाळीत शिपाई उठणार, अशी खबर त्याने काढली. त्यात दोघांना मैदानात तोफेच्या तोंडी दिलं.

या भीतीच्या दिवसांत नानांवरही संशय घेतला गेला. पेशव्यांच्या नानासाहेबांशी यांचं आतून काही आहे का, अशी कुजबुज. तीस वर्षं सरकारी मंडळांत काम केलेला, गव्हर्नरांच्या मेजवान्यांना जाणारा माणूस, आणि त्याच्या मागावर पोलीस. पाळत ठेवली, चौकशी झाली. काहीच हाती लागलं नाही आणि प्रकरण थांबलं. देशी माणूस कितीही वर गेला तरी साहेबाच्या विश्वासाला तळ कुठे असतो, हे नानांना त्या वर्षी कळलं असणार. गंमत अशी की त्याच वर्षी मुंबई विद्यापीठ स्थापन झालं आणि कायद्यात जे पहिले फेलो नेमले त्यांत जगन्नाथ शंकरशेठ हे नाव होतं. एका सरकारची दोन कपाटं, दोन कागद.

कौन्सिलातली खुर्ची

१८६१ साली नवा कायदा झाला. त्यानुसार मुंबई इलाख्यासाठी कायदे करणारं कौन्सिल बसलं. १८६२ साली गव्हर्नरने त्यावर पहिल्यांदा देशी सभासद नेमले, त्यांत नाना होते. वय ५९. दहा वर्षांपूर्वी अर्जात मागितलेली गोष्ट आता समोर होती.

आजच्या विधानसभेशी त्याची तुलना करू नये. निवडणूक नव्हती, गव्हर्नर बोलावील तो सभासद. प्रश्न विचारायची मुभा नव्हती. बजेटावर बोलता येत नव्हतं. समोर आलेल्या कायद्याच्या मसुद्यावर काय ते बोलायचं. तरीही ज्या खोलीत कायदा लिहिला जातो त्या खोलीत मुरबाडला जन्मलेला माणूस बसला होता. या वाटेने पुढे दापोलीजवळच्या मुरुडचे रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक आधी मुंबईच्या आणि १८८४ साली थेट व्हाइसरॉयच्या कौन्सिलात गेले. नानांना तेवढा काळ मिळाला नाही.

शेवटची वर्षं कामातच गेली. राणीचा बाग आणि भायखळ्याचं वस्तुसंग्रहालय उभारायच्या खटपटीत ते भाऊ दाजींसोबत होते. संग्रहालय उघडलेलं मात्र त्यांनी पाहिलं नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, अख्खं शहर शेअरच्या नादाला लागलं होतं. युद्ध थांबलं, भाव कोसळला, आणि १ जुलै १८६५ ला सौदे पुरे करायची वेळ आली तेव्हा मोठमोठ्या पेढ्या बसल्या. ज्या व्यापारी मुंबईत नाना वाढले तिचं कंबरडं त्या महिन्यात मोडलं. त्याच महिन्याच्या अखेरीला, ३१ जुलै १८६५ रोजी, नाना गेले. वय ६२.

मुंबईच्या टाउन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीच्या इमारतीत, त्यांचा संगमरवरी पुतळा आहे. ग्रँट रोडला नाना चौक आहे, गिरगावच्या रस्त्याला त्यांचं नाव आहे. मुंबई सेंट्रल स्टेशनला त्यांचं नाव द्यायची मागणीही बऱ्याच वर्षांची. त्यांच्या मागे मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती सुरू झाली. ती मिळवणं म्हणजे त्या काळी घराण्याचा मान समजला जायचा. १९१२ साली ती मिळाली कुलाबा जिल्ह्यातल्या एका मुलाला. नाव चिंतामण द्वारकानाथ देशमुख. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झाले.